तालुका कोर्टातल्या वकिलाची सनद, अनुभव आणि समाजकार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात तालुका किंवा जिल्हा कोर्टात ज्यांचे काम पडते, त्यांच्यासाठी हे पान आहे. भावकीतला वाटणीचा दावा, पोटगी, चेक परत आलेला, अपघाताची भरपाई अशी कामे बहुतेक वेळा गावातल्याच वकिलाकडे जातात आणि वकील निवडला जातो तो पाहुण्यांच्या सांगण्यावरून. सांगोवांगीत खोटे काही नसते, पण बरेच तपासण्याजोगे राहून जाते. वकिलाबद्दलची कामाची माहिती जवळजवळ सगळी कागदावर असते आणि ती पक्षकाराला बघता येते.

सनद म्हणजे नेमके काय? ती खरी आहे हे कसे कळते?

कायद्याची पदवी मिळाली म्हणजे माणूस वकील झाला असे नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे राज्याच्या वकील परिषदेच्या पटावर नाव नोंदवावे लागते. ती नोंद म्हणजे सनद. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषद करते. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही तिच्याच अखत्यारीत येतात.

सनद क्रमांकाचे तीन भाग असतात : महाराष्ट्रासाठी ‘एमएएच’, मग नोंदणीचा क्रमांक, शेवटी नोंदणीचे वर्ष. वकीलपत्रावर (आपले काम चालवायचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर), नोटिशीवर, लेटरहेडवर हा क्रमांक असतो. नसेल तर विचारा. यात कुणाचा अपमान होत नाही. ओळखपत्रावरचा आणि वकीलपत्रावरचा क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले. तरीही शंका राहिली तर परिषदेकडे लेखी चौकशी करता येते.

सनद नसताना वकिली करणे गुन्हा आहे. अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोर्टाच्या फाटकाशी उभे राहून ‘चला, साहेबांकडे नेतो’ म्हणणारे दलाल वेगळे. त्यांच्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५अ आले : न्यायालयाने दलालांची यादी लावायची, आणि यादीत नाव असूनही धंदा चालू ठेवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नावाआधी ‘ॲड.’ आहे, पण माणूस नोकरीही करतो. चालते का?

पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी धरली की परिषदेला कळवून सनद स्थगित करायची असते. व्यवसायाचेही तसेच. स्वतः दुकान किंवा एजन्सी चालवता येत नाही. नुसते भांडवल घालून निष्क्रिय भागीदार राहता येते, तेही धंदा वकिली पेशाला कमीपणा आणणारा नसेल तर. शेती करायला काहीच हरकत नाही, आणि तालुक्यातले बरेच वकील ती करतातच.

पदवी कुठल्या कॉलेजची, याला किती महत्त्व द्यावे?

थोडेच. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे, असे कायद्याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींनी मिळणारी सनद एकच. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे. नावे मोठी आहेत. पण उलटतपास कॉलेजात येत नाही, तो सीनियरच्या मागे उभे राहून येतो. त्यामुळे विचारायचेच असेल तर ‘सुरुवातीला कुणाच्या ऑफिसात काम शिकलात?’ हे विचारा. दिवाणीत मुरलेल्या सीनियरकडे पाच वर्षे काढलेल्या वकिलाचा दावा वाचला की मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा आणि दाव्याचे कारण या तिन्ही जागी ते शिक्षण दिसते.

पदवीनंतरची ती वकिलांची परीक्षा सगळ्यांना लागू आहे का?

२००९-१० आणि त्यानंतर पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. पहिली परीक्षा २०११ मध्ये झाली. शंभर पर्यायी प्रश्न, साडेतीन तास. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती पार करायची असते आणि पास झाल्यावर व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्याआधी पदवी घेतलेल्या जुन्या वकिलांकडे हे परीक्षेचे प्रमाणपत्र नसेल, तर त्यात संशयाचे काही नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा घेण्याचा भारतीय वकील परिषदेचा अधिकार मान्य केला.

‘वीस वर्षांचा अनुभव’ असे सांगतात. तो पडताळायचा कसा?

सनदीचे वर्ष म्हणजे अनुभव नव्हे. २००४ ची सनद असलेला माणूस मधली दहा वर्षे बँकेत असू शकतो. खरा अंदाज ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या ॲपवर येतो. प्रकरण शोधायच्या पानावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, मग ‘वकील’ हा पर्याय घ्यायचा. तिथे नावाने किंवा सनद क्रमांकाने शोधता येते. प्रलंबित, निकाली किंवा दोन्ही, यांतले ‘दोन्ही’ घ्या.

यादी आली की प्रकरणांची संख्या मोजत बसू नका, प्रकार बघा. तुमचा वाटपाचा दावा आहे आणि यादीत नव्वद टक्के चेकचे खटले, तर वकील कितीही चलाख असला तरी तुमचे काम त्याच्या रोजच्यातले नाही. शंभर टक्के फौजदारी असलेल्याकडे पोटगीचे काम देताना हाच विचार करा.

नावाने शोधताना घोटाळे होतात. नोंद करणारा कारकून कधी आडनाव आधी लिहितो, कधी नुसती आद्याक्षरे. लग्नानंतर नाव बदललेल्या वकील महिलांची निम्मी कामे जुन्या नावाखाली असतात. ज्युनिअरने दाखल केलेले काम ज्युनिअरच्या नावावर चढते. बरीच जुनी निकाली प्रकरणे संगणकावर आलेलीच नसतात. म्हणून सनद क्रमांकाने शोधणे बरे, आणि तरीही यादी अपुरी आहे असे धरूनच चालावे. यादीत फार थोडी कामे दिसली म्हणजे माणूस खोटारडा ठरत नाही. त्यांच्याच एखाद्या दोन कामांचे क्रमांक मागून घ्या आणि ती उघडून पाहा.

एखादे काम उघडले तर त्यात काय वाचायचे?

रोजनामा. प्रत्येक तारखेला कोर्टात काय घडले याची ती नोंद असते. ऑनलाइन ती तारखेवर टिचकी मारली की दिसते, बहुधा त्रोटक इंग्रजीत. प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असेल तर थेट तिथे पोहोचता येते. त्यातली पहिली चार अक्षरे राज्य आणि जिल्ह्याची, पुढचे दोन अंक न्यायालयाचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे.

समजा, शेताच्या बांधावरून मनाईचा दावा आहे. फायलीतल्या कागदाला कोर्ट जो क्रमांक देते ती निशाणी. दावा म्हणजे निशाणी १, आणि तातडीच्या मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी ५ (नि. ५). आपल्याकडच्या कोर्टात ‘नि. ५ वर काय झाले?’ हा पहिला प्रश्न असतो. रोजनाम्यात बघायचे ते असे : नि. ५ वर युक्तिवाद किती तारखांनी झाला? समोरच्याला समन्स लागले की ‘बेलिफ अहवाल नाही’ म्हणून चार तारखा गेल्या? (बेलिफ म्हणजे समन्स पोहोचवणारा कोर्टाचा कर्मचारी.) समन्स न लागण्याचे कारण बऱ्याचदा बेलिफ नसतो. प्रोसेस फी (समन्स पाठवण्याचा खर्च) भरलेली नसते किंवा पत्ता अर्धवट असतो, आणि ही दोन्ही कामे आपल्या वकिलाच्या ऑफिसची.

आपण प्रतिवादी असू तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, कधी दिली ते बघा. समन्स लागल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० दिवसांपर्यंत. त्यात कैफियत आली नाही तर ‘विना कैफियत’ आदेश होतो. तो रद्द करून घ्यायला अर्ज, कारण आणि बहुधा खर्च लागतो. एखाद्या वकिलाच्या दोन-चार कामांत असे आदेश ओळीने दिसले, तर ते त्याच्या कामाचे वळण आहे असे समजा.

मुदतीच्या अर्जांचेही तसेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतात हे कोर्टाच्या आवारातला चहावालाही सांगेल. पण त्या कोण मागतो हे रोजनाम्यात लिहिलेले असते. ‘वादी व वकील गैरहजर’ या नोंदीनंतर दावा काढून टाकला गेला असेल, तर तो पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत गेला का ते पाहा. तोही गेला नसेल तर त्या पक्षकाराला कुणी कळवलेच नसावे.

वकिलाने किती केसेस जिंकल्या, हे विचारावे का?

विचारून उपयोग नाही. चांगला वकील निम्मी कामे तडजोडीत मिटवतो, आणि हरणारे काम नीट हरणे हेही कौशल्य आहे. ‘आपण नक्की जिंकणार’ असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहा. सातबारा, फेरफार आणि जुने खरेदीखत न बघता हे सांगता येत नाही.

पाटीवर ‘जमीन प्रकरणांचे तज्ज्ञ’ लिहिले आहे. विश्वास ठेवावा का?

तसे लिहायलाच मनाई आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही. पाटी माफक आकाराची हवी, आणि तिच्यावर विशिष्ट कामातला तज्ज्ञ, अमुक संघटनेचा पदाधिकारी, माजी न्यायाधीश असे काही नको. २००८ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, सनद क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे एवढे देता येते. चौकातला फ्लेक्स, रिक्षामागची जाहिरात, ‘फी निकालानंतर’ असली पोस्ट यांतले काहीही बसत नाही. नियम किती जण पाळतात हा वेगळा मुद्दा, पण न पाळणाऱ्याने पाटीवर काय लिहिले आहे ते गुणांत धरू नका.

नोटरी, सरकारी वकील, सीनियर कौन्सेल : या पदांवरून काय कळते?

नोटरी होण्यासाठी साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांसाठी सात. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची, मग नूतनीकरण. म्हणजे नोटरीच्या शिक्क्यावरून माणूस किती काळ पेशात आहे ते कळते, कोर्टात कसा चालतो ते नाही. आणि याच शिक्क्याने आपल्याकडे फार लोक बुडाले आहेत. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट ‘नोटरी खरेदीखता’वर विकले जातात. शंभर रुपये आणि त्यावरील किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी जात नाही. नोटरी सही केल्याची साक्ष देतो, मालकीची नाही. हे न सांगता शिक्का मारून देणारा वकील असेल तर त्याच्या बाकी सल्ल्याचाही विचार करा.

सरकारी वकील दोन प्रकारचे. कनिष्ठ फौजदारी न्यायालयात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता पगारी नोकर असतात. त्यांना खासगी काम घेता येत नाही. सत्र न्यायालयातले सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील हे मुदतीवर नेमलेले, किमान सात वर्षे वकिली केलेले असतात. नेमणुकीत शासनाचा हात असतो, त्यामुळे पद हे गुणवत्तेचे एकमेव माप मानू नये. तरी रोज खून-दरोड्याचे खटले चालवून आलेली तयारी खरीच असते.

सीनियर कौन्सेल हा दर्जा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देते. तालुक्यात तो क्वचितच दिसतो. असा वकील थेट पक्षकाराकडून काम घेत नाही आणि वकीलपत्रही दाखल करत नाही.

बार असोसिएशनचा अध्यक्ष असणे चांगल्या वकिलाची खूण आहे का?

सहकाऱ्यांमध्ये मान आहे याची खूण आहे. वकील संघाची निवडणूक बहुतेक ठिकाणी दर एक-दोन वर्षांनी होते आणि ती रंगतेही. संघ कोर्टातल्या सोयी, ग्रंथालय, बसायच्या जागा, नव्या न्यायालयाची मागणी असले प्रश्न हाताळतो. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, त्यामागे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकील संघांची कित्येक वर्षांची मागणी होती. पक्षकाराची मुंबईची खेप वाचली, हे समाजकार्यच आहे.

दुसरी बाजूही आहे. कामबंद आंदोलनात तारीख वाया जाते ती पक्षकाराची. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. ठराव झाला तरी आपली तारीख कशी सांभाळणार, हे वकिलाला आधी विचारून ठेवा.

वकिलाचे समाजकार्य म्हणजे नेमके कशाला म्हणायचे?

गणेश मंडळाचा अध्यक्ष, रक्तदान शिबिर, वह्यावाटप, सत्कार : हे नागरिक म्हणून चांगलेच. पण ते कुणीही करू शकतो. वकील म्हणूनच करता येते असे काम कोणते, हे बघावे.

या पेशाची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. गणेश वासुदेव जोशी पुण्यात वकिली करत. १८७० मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेमागे तेच होते, म्हणून लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बचावाला उभे राहायची जोखीमही त्यांनी घेतली. त्या काळी त्या वकीलपत्रावर सही करणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. आजही एखाद्या खटल्यात ‘आरोपीचे वकीलपत्र कुणी घ्यायचे नाही’ असा ठराव गावात होतो, तेव्हा ते घेणाऱ्याला शिव्या बसतात. पेशाचा नियम मात्र त्याच्याच बाजूचा आहे : ज्या कोर्टात वकिली करतो तिथले काम, योग्य फी मिळत असेल आणि खास अडचण नसेल, तर नाकारायचे नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याला, पैसे पुरे नसले तरी, आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करायची, असे नियम ४६ सांगतो.

तालुक्यात हे काम पुढील रूपांत दिसते. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव असणे आणि तिथली कामे खरोखर चालवणे. तुरुंगात जाऊन, ज्यांना जामीन मंजूर झालाय पण जामीनदार नाही अशा कच्च्या कैद्यांचे अर्ज करणे. मध्यस्थ म्हणून बसणे, ज्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून जाणे. शिबिरांचे मोल ठरवायला एक सोपी कसोटी आहे : शिबिरात वारस नोंदीबद्दल विचारणाऱ्या बाईला नुसते भाषण मिळाले, की तलाठ्याकडे द्यायचा अर्ज तिथेच लिहून मिळाला?

मोफत वकील कुणाला मिळतो?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये यादी आहे. महिला आणि बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली किंवा तुरुंगातली व्यक्ती, मानवी तस्करीचे आणि वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचारासारख्या आपत्तीत सापडलेले. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या महिलेलाही नाही, हे कित्येकांना माहीतच नसते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. कार्यालय कोर्टाच्या आवारातच असते. साध्या कागदावर नाव, पत्ता, कशाबद्दलचे काम, समोरचा कोण, आणि कलम १२ मधल्या कोणत्या वर्गात बसता ते लिहा. सोबत ओळखपत्र आणि त्या वर्गाचा पुरावा : जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचा दाखला. महिलेने उत्पन्नाचा दाखला जोडायची गरज नाही. कुणी मागितला तर कलम १२ दाखवा. कोर्टाची नोटीस आली असेल तर तिची प्रत नक्की जोडा आणि वर ठळक अक्षरांत पुढची तारीख लिहा. अर्ज रेंगाळतो तो बहुतेकदा इथेच : तारीख लिहिलेली नसते, नेमणूक होईतो ती उलटून जाते. अर्जाची पोच घ्या. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

मदतीत वकिलाच्या फीखेरीज कोर्ट फी, प्रोसेस फी, नकलांचा खर्चही येतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, कारण त्या नकारावर अपील करता येते.

पॅनेलवरचा मोफत वकील दुय्यम असतो, हे खरे का?

सरसकट नाही. पॅनेलवर यायला किमान तीन वर्षांची वकिली लागते. गंभीर फौजदारी कामांसाठी २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत पूर्णवेळ लोक अभिरक्षक (आरोपीचा मोफत बचाव करणारे वकील) नेमले आहेत. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारीचा किमान दहा वर्षांचा अनुभव असावा लागतो आणि या मंडळींना खासगी काम घेता येत नाही. अडचण वेगळीच असते : पॅनेलचे मानधन कमी, काहींचे लक्ष खासगी कामाकडे जास्त. नेमलेला वकील दोन तारखांना आलाच नाही, तर समितीकडे लेखी कळवून बदल मागा. आणि त्याने ‘टायपिंगचे’, ‘वरखर्चाचे’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. मोफत कामात पक्षकाराकडून काहीही घ्यायला त्याला मनाई आहे.

वकील लोकअदालतीत मिटवा म्हणतात. ऐकावे का?

आकडा पटला तर जरूर. भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. अपील नसते हीच सावध व्हायची जागा. तडजोडीचा मजकूर मराठीत वाचून घ्या, रक्कम, हप्ते, तारीख, चुकल्यास काय हे सगळे त्यात हवे. न समजता सही करून महिन्याने ‘मला तसे नको होते’ म्हणायला जागा उरत नाही.

वकील राजकारणात असेल तर?

सरपंच, नगरसेवक, आमदार असताना वकिली करायला कायद्याने सरसकट बंदी नाही. खासदार-आमदारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितले. पक्षकाराने दोनच गोष्टी पाहाव्यात : समोरची पार्टी त्यांच्याच गटातली आहे का, आणि निवडणुकीच्या महिन्यात तारखेला कोण उभे राहणार.

लहान गावात त्याहून नेहमीचा पेच म्हणजे त्याच वकिलाने पूर्वी तुमच्या चुलत्याचे काम पाहिलेले असणे. ज्या वादात एका बाजूला सल्ला दिला, त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत आपली कथा सांगण्याआधी समोरच्यांची नावे सांगा.

फी किती असते, आणि काय खटकायला हवे?

ठरलेला दर नाही. काम, टप्पे आणि वकील यांवर ती अवलंबून असते. ठरवताना कोर्ट फी, प्रोसेस फी, टायपिंग-झेरॉक्स, कोर्ट कमिशनरचा खर्च आणि वकिलाची फी वेगवेगळी लिहून घ्या. अपील झाले तर फी वेगळी का, तेही आधीच बोला. महिलांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या कामांत महाराष्ट्रात कोर्ट फीची सवलत आहे. बाईच्या वाटपाच्या दाव्यात कोर्ट फीच्या नावाने मोठी रक्कम मागितली, तर चलन दाखवा म्हणावे.

भूसंपादनाचा वाढीव मोबदला आणि मोटार अपघाताच्या भरपाईत ‘आता काही देऊ नका, मिळेल त्यातले इतके टक्के’ असा सौदा होतो. गरजूला तो सोयीचा वाटतो, पण निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे हे नियम २० प्रमाणे गैरवर्तन आहे. त्याच बैठकीत कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टँप पेपरवर सही मागितली तर उठून या. दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या कामात) लिलाव निघाला तर स्वतःच्याच कामातली मिळकत वकिलाला विकत घेता येत नाही, दुसऱ्याच्या नावानेही नाही.

वकीलपत्रावर सही करताना काय पाहावे?

कोरे नसावे. कोर्टाचे नाव, पक्षकारांची नावे, कामाचा प्रकार भरलेला असावा. छापील मजकुरात ‘तडजोड करणे, दावा काढून घेणे, रक्कम स्वीकारणे’ हे अधिकार असतात. ते द्यायचे नसतील तर ती ओळ खोडून शेजारी सही करा. वकील नाराज झाला तर कारण विचारा. एका ऑफिसातले दोघे-तिघे वकील एकाच वकीलपत्रावर असले तर बरेच. मुख्य वकील उच्च न्यायालयात अडकले तर तारीख सांभाळली जाते.

आम्ही परदेशात आहोत, जमीन गावी आहे. वकीलपत्र पाठवले की पुरे का?

नाही. वकील कोर्टात तुमची बाजू मांडेल, पण कागदांवर सह्या, मोजणीला हजर राहणे, तलाठ्याकडे जाणे यासाठी मुखत्यार, म्हणजे तुमच्या वतीने काम करायला तुम्ही नेमलेला माणूस, लागतो. मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचे तिथल्या सरकारचे प्रमाणपत्र) किंवा भारतीय दूतावासाचा शिक्का घ्या. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत हमखास चुकते. शिवाय जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. त्या टप्प्यावर तुम्हाला यावे लागेल, किंवा दृक्‌श्राव्य साक्षीची परवानगी मागावी लागेल.

कोर्टाचे काम मराठीत होईल का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने. दावा, कैफियत, शपथपत्र मराठीत करून मागणे हा हक्क बजावा. न वाचता येणाऱ्या इंग्रजी शपथपत्रावर सही करणे, आणि मग उलटतपासात ‘हे तुम्हीच लिहिले ना?’ या प्रश्नाला अडखळणे, हे रोज घडते.

वकील बदलायचा आहे, पण ते ना हरकत देत नाहीत आणि कागदही देत नाहीत.

आधीच्या वकिलाची ना हरकत घेऊन नवे वकीलपत्र दाखल करणे ही रीत आहे. ती मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगीने वकीलपत्र संपवता येते. अर्जासोबत लेखी कळवल्याचा पुरावा, म्हणजे रजिस्टर पोस्टाची पावती, जोडा. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तसा निकाल दिला आहे. थकलेली फी वसूल करायचे रस्ते वेगळे आहेत. दरम्यान काम अडू देऊ नका. नकलेचा अर्ज करून कोर्टातूनच सगळ्या कागदांच्या प्रमाणित प्रती घ्या. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवसांची मुदत असते आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून निकाल लागल्याच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा.

तक्रार कुठे करायची?

बार असोसिएशनकडे सांगून समज मिळेल, शिक्षा नाही. ग्राहक मंचाचा रस्ताही बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले. कलम ३५ खाली तक्रार महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे जाते. तक्रारीत घटना तारीखवार लिहा. वकीलपत्र, पावत्या, संदेश आणि रोजनाम्याची प्रमाणित नक्कल जोडा, शपथपत्र द्या. ‘केस हरलो’ एवढ्याने काही होत नाही. पैसे घेऊन दावाच दाखल न करणे, खोटी तारीख सांगणे, भरपाईची रक्कम स्वतःकडे ठेवणे, समोरच्याशी हातमिळवणी करणे, हे गैरवर्तन ठरते.

तक्रारीत तथ्य वाटले तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. ताकीद, काही काळ सनद निलंबित करणे किंवा पटावरून नाव काढणे, इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय वकील परिषदेकडे वर्ग होते. निर्णयावर तिथे ६० दिवसांत अपील, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात. मध्येच मिटवामिटवी करून तक्रार मागे घेतली, तरी तेवढ्याने चौकशी बंद होत नाही.